भरीत कोणी भाजलं?

पत्र

बाई, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली. मुलगा सातवीत आहे, शाळेच्या स्काऊट पथकात. द्वितीय सोपान ही पायरी झाली, आता डिसेंबरात सातपुड्यातल्या पाल गावी तीन रात्रींचं शिबिर आहे. मी पहिल्या दिवसापासून त्याच्या मागे उभी आहे. गणवेशाची इस्त्री, स्कार्फची घडी, लॉगबुक, सगळं मीच बघते. त्याचं अक्षर बरं नाही म्हणून सत्कृत्यांची डायरीही मीच लिहून दिली. मागच्या महिन्यात शाळेत खरी कमाई होती. पहाटे उठून मी पंधरा किलो वांग्यांचं भरीत केलं, पुऱ्या तळल्या. त्याच्या स्टॉलला पहिलं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर म्हणतो, "ते तुझं आहे, तूच ठेव." आणि आता शिबिराला जायचंच नाही म्हणतोय. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही थोडी कमी मदत करा." मला फार लागलं ते. मदत करणं गुन्हा आहे का?

सासूबाई म्हणतात, "पोऱ्याले एकलं धाडू नको." सासरे म्हणतात, हे इंग्रजांचं खूळ आहे. आमचे हे विचारतात, दहावीला याचा उपयोग काय? मी असं ठरवलंय की शिबिराच्या वेळी मी आणि माझी जाऊ पालला मुक्काम करू, लांबूनच लक्ष ठेवू. बरोबर आहे ना? धाकटी मुलगी चौथीत आहे. तिलाही हे सुरू करावं का, तेही सांगा.

— एक आई

उत्तर

ताई, पालचा मुक्काम आधी रद्द करा. जाऊबाईंनी बॅग भरली असेल तर त्यांना मनुदेवीला घेऊन जा. दर्शन होईल, धबधब्याखाली दोघी निवांत बसाल. पण ज्या तीन दिवशी पोरगा पालला असेल, त्या तीन दिवशी तुम्ही पालच्या आसपास दिसायचं नाही. लांबून लक्ष ठेवणारी आई लांबूनही दिसतेच, आणि तिच्या पोराला पुढे दोन वर्षं पथकात काय नाव पडतं ते मी सांगत नाही.

गुन्हा वगैरे काही नाही. सर तुम्हाला ओरडले नाहीत, त्यांनी तुमच्याकडे काहीतरी मागितलंय. ते काय, हे तुमच्याच पत्रातल्या भरतावरून सांगते.

खरी कमाई म्हणजे मुलानं स्वतःच्या कष्टानं चार पैसे मिळवायचे आणि त्यातून पथकाचा किंवा शिबिराचा खर्च थोडा भागवायचा. अलीकडे बहुतेक शाळांत त्याचा आनंद मेळावा झालाय. आया पहाटे चारपासून राबतात, बाप मंडळी टेबलं आणि गॅस लावून देतात, मुलं गल्ल्यावर बसून सुट्टे पैसे मोजतात, पाहुणे येऊन खाऊन कौतुक करून जातात. तुमचं भरीत चांगलंच झालं असणार. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याकडे कोणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. पण तुमच्या मुलाला ते बक्षीस हातात घेताना काय वाटलं असेल, बघा. परीक्षक विचारत असतील, "वा, कोणी केलं?" आणि त्याला एकतर खोटं बोलावं लागलं, नाहीतर आईचं नाव सांगावं लागलं. बारा वर्षांच्या पोराला दोन्ही जड जातं. "ते तुझं आहे" हे तो रागानं म्हणाला असेल, पण हिशोब त्यानं बरोबर केला.

तेच भरीत दोन किलोचं झालं असतं तर? त्यानं आणि त्याच्या संघातल्या पोरांनी बाजारात जाऊन वांगी निवडायची, हलकी आणि कमी बियांची कशी ओळखायची ते तुम्हाला विचारायचं. शेतातून कपाशीच्या पऱ्हाट्या आणायच्या, वांगी स्वतः भाजायची, बोटं काळी करून साल काढायची, मिरची-लसूण कुटायचा, कांद्याची पात चिरायची. वांगी, तेल, शेंगदाणे यांना किती लागले ते वहीत लिहायचं आणि एका पत्रावळीमागे भाव किती लावायचा यावर आपापसात भांडायचं. पुरीचं मात्र मी मुलांवर सोडलं नसतं. कढईभर उकळत्या तेलापाशी मोठं माणूस हवंच, तिथे तुम्ही उभं राहायचं. नाहीतर पुरी वगळून कळण्याची भाकरी एखाद्या घरून विकत घ्यायची आणि तोही खर्च हिशोबात धरायचा. भरीत थोडं करपलं असतं, मीठ जास्त पडलं असतं, नंबर आला नसता. शिबिराला मात्र तो उड्या मारत गेला असता, कारण तिथे तेच करायचं असतं.

स्काऊटच्या शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक नावाचा प्रकार असतो. भांडं न वापरता निखाऱ्यावर, पानात गुंडाळून, मातीत पुरून, काडीला लावून शिजवायचं. आपल्या खान्देशात हे मुलांना शिकवायला बाहेरचं कोणी लागत नाही. वांगं निखाऱ्यावर भाजलं की अर्धा पेपर सुटला, आणि गोवऱ्यांत बट्टी भाजता आली की उरलेला. तुमच्या घरात हे सगळं ज्ञान आहे, फक्त ते आजपर्यंत मुलाच्या हातात गेलेलं नाही.

आता सर असं का म्हणाले ते बघा. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेलनं इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. सुमारे वीस मुलगे. काही बड्या घरच्या शाळांतले, काही अगदी साध्या कामकरी घरांतले, मुद्दाम मिसळलेले. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक मुलगा नायक नेमला. संघाची जबाबदारी मोठ्या माणसांनी त्या पोरावर टाकली. आजही हेच चालतं. सहा ते आठ मुलांचा संघ, त्यांचा संघनायक, आणि स्काऊट मास्टर शक्यतो बाजूला. तंबू कुठे ठोकायचा, लाकडं कोणी आणायची, भात कच्चा राहिला तर काय करायचं, हे मुलांनी ठरवायचं असतं. यात एकाची आई शिरली की सगळा संघ तिच्याकडे बघायला लागतो. संघनायकाचं कोणी ऐकत नाही. म्हणून तुमची मदत तुमच्या एकट्याच्या मुलाला नडत नाही, उरलेल्या सात जणांनाही नडते.

सत्कृत्यांच्या डायरीचं मला जास्त वाईट वाटलं. अक्षर वाईट असू द्या हो! ती डायरी सुंदर असावी म्हणून नसते. "आज शेजारच्या आजीला दळण आणून दिलं" हे वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिणारा मुलगा निदान ते दळण आणून तरी देतो. तुम्ही लिहिलेल्या डायरीत किती सत्कृत्यं खरी होती, ते तुम्ही मला सांगू नका. स्काऊटमध्ये एक जुनी युक्ती आहे. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसातलं सत्कृत्य झालं की सोडायची. ही गाठ त्याची त्याला मारू द्या. संध्याकाळी सुटलेली नसेल तर तुम्ही काही बोलू नका. स्काऊटच्या नियमातला पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे, आणि आईनं लिहिलेल्या डायरीवर मुलानं सही केली की तो तिथेच मोडतो. यापुढचं लॉगबुक त्याच्या अक्षरात. सरांना वाचता येईल, शाळेत त्यांना यापेक्षा वाईट अक्षरं वाचायची सवय असते.

तर मग करायचं काय? तुमच्याकडे काम खूप आहे, ताई. जागा बदलून घ्यावी लागेल.

आधी हे शोधा की तो जायचं नाही असं का म्हणतोय. माझा अंदाज, त्याला भीती वाटतेय की तिथे गेल्यावर कळेल आपल्याला काहीच येत नाही. आजवरचं सगळं आईनं केलंय, आणि पालला आई नसणार. पण हा अंदाज आहे. दुसरीही कारणं असू शकतात आणि ती हलक्यात घेऊ नका. कोणी मोठा मुलगा त्रास देत असेल. रात्री अंथरूण ओलं होत असेल आणि त्याची लाज वाटत असेल. बारा वर्षांच्या मुलांतही हे असतं, त्यात रागवण्यासारखं काही नाही. सरांच्या कानावर गुपचूप घालायचं, झोपण्याआधी पाणी कमी, रात्री एकदा उठवायचं, जास्तीची एक पँट आणि एक प्लॅस्टिकचा कागद पिशवीत. किंवा एखाद्या मोठ्या माणसाचं वागणं त्याला नको वाटत असेल. समोर बसवून "खरं सांग" म्हणाल तर तो काही सांगणार नाही. मोटरसायकलवर मागे बसलेला असताना विचारा, नाहीतर शेतात कापूस वेचताना. डोळ्यात डोळे नसले की पोरं बोलतात. ऐकताना मध्ये तोंड घालू नका. अंगाला नकोसा हात लावला, किंवा "घरी सांगू नको" असं कोणी म्हटलं, तर ते पहिल्यांदा घरीच सांगायचं, मग तो माणूस कोणीही असो, हे त्याला शिबिराच्या आधी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. तसं काही असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, आणि मग शिबिराचा विचार नंतर.

भीतीच असेल तर औषध सोपं आहे. त्याच्या संघातल्या दोघा-तिघांना शनिवारी रात्री तुमच्या मळ्यात किंवा गच्चीवर झोपायला बोलवा. अंथरूण त्यांनी घालायचं, खिचडी त्यांनी लावायची, सकाळी भांडी त्यांनी घासायची. तुम्ही घरात. खिचडी लागली तरी घरातच. रात्री अकराला हसण्या-खिदळण्याचा आवाज आला की समजा निम्मं काम झालं.

आणि सासऱ्यांना यात ओढा. ते इंग्रजांचं खूळ म्हणतात ना, त्यांना एवढंच सांगा की सुरुवातीला, १९०९ च्या सुमारास, हिंदुस्थानात स्काऊटिंग निघालं ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्यात घेत नव्हते. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे भारतीय मुलांची संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. त्यांची मुलं मेळ्यांत यात्रेकरूंची सेवा करायची. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. म्हणजे खूळ इंग्रजांचं असेल, पण आपल्या लोकांनी ते मागून नाही, स्वतः उभं करून घेतलं. एवढं ऐकून ते गप्प बसतील असं नाही, सासरे कधी गप्प बसतात? पण त्यांना खरा रस वाटेल तो दोरीत.

तुमच्या मुलाला शीट बेंड, बोलाईन, क्लोव्ह हिच या गाठी येतात. वहीत चित्रंही असतील. पण ती दोरी त्यानं कशाला बांधली? सासऱ्यांनी आयुष्यभर दावं बांधलंय, कासरा धरलाय, गाडीत कडब्याच्या पेंढ्या आवळल्यात. त्यांना मुलाबरोबर गोठ्यात बसवा. वासराच्या गळ्यात घालायला आवळत न जाणारा फास हवा, बोलाईन नेमकी तशी असते. जाड दोराला पातळ दोरी जोडायची तर शीट बेंड. गच्चीवरची कपड्यांची दोरी खांबाला बांधायची तर क्लोव्ह हिच. रीफ नॉट पट्टी बांधायला, कारण ती चपटी बसते आणि टोचत नाही. सासरे यातल्या निम्म्या गाठी वेगळ्या नावानं किंवा बिननावानं मारत असतील. दोघांनी एकमेकांना शिकवू द्या. तुम्ही चहा द्या आणि आत जा. रात्री आकाशही त्यांनाच दाखवायला सांगा. स्काऊटला ताऱ्यांवरून उत्तर दिशा शोधायला शिकवतात आणि पुस्तकात सप्तर्षी असतात. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, शर्मिष्ठेवरून ध्रुव गाठावा लागतो. मध्यरात्री शेताला पाणी द्यायला उठलेल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं.

पिशवी त्यानं भरायची. शाळेनं दिलेली यादी त्याच्या हातात द्या, तुमच्या हातात ठेवू नका. ताट-वाटी-पेला, दोरी, टॉर्च, स्कार्फ, तो गळ्याशी अडकवायची कडी म्हणजे वॉगल. काहीतरी विसरेलच. वाटी विसरला तर मित्राच्या डब्याच्या झाकणात वरण खाईल आणि जन्मभर वाटी विसरणार नाही. दोनच गोष्टी तुम्ही तपासा. एक, गरम कपडे. आपला मुलूख मेमध्ये भाजून काढतो, म्हणून डिसेंबरातला सातपुडा लोकांना खरा वाटत नाही. पालला रात्री चांगली हुडहुडी भरते. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि जाड गोधडी हवीच. दोन, औषध. दमा असेल, फिट येत असेल, कशाची ॲलर्जी असेल, तर ते आणि गोळ्यांची वेळ कागदावर लिहून सरांच्या हातात द्यायचं, मुलाच्या पिशवीच्या तळाशी नाही. आणि डबाभर शेव, चिवडा, दराबा पाठवू नका. पाठवायचाच असेल तर संघापुरता पाठवा. एकट्याचा लाडूचा डबा तंबूत लपवून खाणारं पोर कोणाला आवडत नाही.

आता जिथे तुम्ही खरोखर नाक खुपसावं अशी जागा सांगते. सरांना भेटा आणि विचारा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेतली आहे का? सोबत किती शिक्षक आहेत? गाडी कोणती आणि मुलं त्यात दाटीवाटीनं कोंबणार का? मुक्कामाच्या जागी पाणी आणि संडास कसा आहे? जवळचं रुग्णालय कुठे, रात्री गाडी हाताशी असेल का? पालच्या वाटेवर गारबर्डी धरण आहे, मुलांना पाण्यात उतरू देणार आहात का? याचं उत्तर "नाही" हेच यायला हवं. साप-विंचवाचं विचारा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. मुलाला हालू न देता १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात न्यायचं. हे सरांना माहीत असेलच, तरी विचारा. जे सर या प्रश्नांनी चिडत नाहीत ते चांगले, आणि तुमचे सर चिडणारे वाटत नाहीत. विचारताना सुरात कुरापत नसावी. ही माणसं वर्गाचे तास, पेपर, सरकारी कागद सांभाळून हे करतात. त्यांच्या घरचे लोकही त्यांना विचारत असतात, तुम्हाला यातून काय मिळतं?

त्यांना बांबू द्या, जुनी दोरी द्या, मोठं पातेलं द्या. तुमचे यजमान मालाची ने-आण करत असतील तर एक फेरी पथकाच्या सामानाची. तुमच्या ओळखीत कोणी नर्सबाई असतील तर एका शनिवारी त्यांना प्रथमोपचार शिकवायला न्या. आणि भरीत! एका रविवारी अख्खा संघ तुमच्या अंगणात बोलवा आणि पोरांना भरीत शिकवा, पण हात मागे धरून. तोंडानं सांगायचं, करायचं त्यांनी. अवघड आहे, मला माहीत आहे. चांगली सुगरण दुसऱ्याच्या हातातला झारा जास्त वेळ बघू शकत नाही.

शिबिराच्या तीन दिवसांत फोन करू नका. मुलाजवळ मोबाईल देऊच नका. पालकांचा ग्रुप असेल तर सरांनी रात्री "सगळे ठीक, जेवण झालं" एवढं एक वाक्य टाकायचं, असं आधी ठरवून घ्या. फोटो मागू नका. मी गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, असताना एका शिबिरात एका आईचे फोन इतके यायचे की तिच्या लेकीला घरची आठवण यायची ती फोन आल्यावरच. मधल्या वेळेत मुलगी मजेत होती. परत आल्यावर पहिला प्रश्न "जेवलास का?" हा विचारू नका, "कपडे किती मळवले!" हेही नको. "शेकोटीला तुमच्या संघानं काय केलं?" हे विचारा आणि मग अर्धा तास ऐका. त्याच्या सांगण्यात चार गोष्टी काळजीच्या येतील, कोणाचं बोट कापलं, कोणाचा तंबू पडला. चेहरा सांभाळा, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

सासूबाईंना म्हणावं, एकलं धाडत नाही, सात पोरांसोबत धाडतोय.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाला उत्तर आहे. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळण्याची सोय आहे. त्याचे नियम बदलत असतात, चालू वर्षाचे शाळेत विचारून घ्या. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी भरतीचा वेगळा कोटा असतो, भुसावळकरांना तो चांगला ठाऊक आहे. पण त्यासाठी वरचा पुरस्कार आणि पुढे बरीच वर्षं सक्रिय राहणं लागतं. द्वितीय, मग तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती, आणि प्रत्येक पायरीला ठरावीक महिने द्यावेच लागतात, घाई चालत नाही. त्यांना हे सांगा, पण मुलासमोर रोज गुणांचं तुणतुणं वाजवू नये हेही सांगा. गुणांसाठी स्काऊट झालेली पोरं मी पाहिली आहेत. दहावीचा निकाल लागला की त्यांचा स्कार्फ पोतेऱ्याच्या ढिगात जातो. अलीकडे सरकारी शाळांत एक गणवेश स्काऊट-गाईडच्या धर्तीचा देण्याचा निर्णय झाला होता, तेव्हा तर कपडे घातले की स्काऊट झालो असं कित्येकांना वाटायला लागलं. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

धाकटीचं विचारलंत. तिला जरूर घाला, आणि "पोरगी आहे, कशाला" असं घरात कोणी म्हणालं तर १९०९ ची गोष्ट सांगा. लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला मुलग्यांचा स्काऊट मेळावा भरला होता. तिथे काही मुली आपण होऊन आल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. त्यातून पुढच्या वर्षी गाईड चळवळ निघाली, बेडन-पॉवेलच्या बहिणीनं, अग्नेस यांनी, ती सांभाळली. चौथीतली मुलगी बुलबुल या लहान मुलींच्या पथकात बसते, दहाच्या पुढे गाईड. बुलबुल म्हणजे खेळ, गाणी, गोष्टी, लहान लहान कामं. तिथे घाबरण्यासारखं काही नाही. शाळेत बुलबुलचं पथक आहे का ते आधी बघा. मुलग्यांचं असतं आणि मुलींचं नसतं, हे आपल्याकडे फार शाळांत दिसतं. कारण एकच सांगतात, बाई तयार नाहीत. गाईडची कॅप्टन बाईच असते आणि तिला आधी बेसिक कोर्स करावा लागतो, त्यासाठी घर सोडून काही दिवस शिबिरात राहावं लागतं. तिच्या घरचेही "एकलं धाडू नको" म्हणतात. तुमच्या शाळेत असं असेल तर तुम्ही चार आयांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, आणि कोर्सला जाणाऱ्या बाईंची लहान मुलं तेवढे दिवस कोण सांभाळणार ते तुम्हीच आपसात ठरवून जा. जाऊबाईंना याही वेळी सोबत घ्या, त्यांना प्रवासाची हौस दिसते.